बर्फाचा रस्ताच वितळला तर?

कॅनडाच्या नकाशात अगदी वरच्या टोकाला बघा. नुनावुत नावाचा प्रदेश दिसेल. क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या जवळपास दोन तृतीयांश. आणि लोकसंख्या? २०२१ च्या जनगणनेत जेमतेम ३७ हजार होती. ही माणसं, त्यातले बहुतेक इन्युइट, २५ वस्त्यांमध्ये विखुरलेली आहेत. यातल्या एकाही वस्तीला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही.

मग दूध, बटाटे, सिमेंट, डिझेल तिथे पोचतं कसं? उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ फुटला की काही आठवडे बोटी येतात. जड सामान आणि वर्षभराचं इंधन तेव्हाच भरून ठेवायचं. ताज्या भाज्या-फळांसाठी विमानाशिवाय पर्याय नाही, आणि विमानाचं भाडं शेवटी गिऱ्हाईकाच्याच बिलात लागतं. सरकार २०११ पासून ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ योजनेतून अनुदान देतंय. तरीही नुनावुतमधल्या निम्म्याहून जास्त घरांमध्ये अन्नाची चणचण आहे. जगातल्या श्रीमंत देशांपैकी एकात, हे लक्षात घ्या.

दोन महिन्यांचा हायवे

नुनावुतच्या दक्षिणेला वेगळीच तऱ्हा आहे. तिथे हिवाळ्यात तळी आणि दलदल गोठली की त्यावरूनच ट्रक चालवतात. यलोनाइफजवळून हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा टिबिट-कॉन्टवॉयटो रस्ता असाच. लांबी सुमारे ४०० किलोमीटर, त्यातला बहुतेक भाग गोठलेल्या तळ्यांवरून. दरवर्षी नव्यानं तयार करायचा, साधारण दोन महिने वापरायचा, मग तो पाण्यात जाणार हे ठरलेलं.

पण आता हिवाळाच भरवशाचा राहिलेला नाही. २००६ मध्ये हा रस्ता लवकर बंद करावा लागला आणि खाणींना डिझेल विमानानं न्यावं लागलं. २०२४ मध्ये उत्तर ऑन्टॅरिओतल्या आदिवासी नेत्यांनी याच कारणासाठी आणीबाणी जाहीर केली. हिवाळी रस्ते वेळेत तयारच होत नव्हते. कायमचा रस्ता किंवा रेल्वे का बांधत नाहीत, असं तुम्ही विचाराल. खालची कायम गोठलेली जमीन वितळायला लागली की रस्ताही खचतो आणि रूळही. हडसन उपसागरावरच्या चर्चिल गावाची एकमेव रेल्वे २०१७ च्या पुरात वाहून गेली. ती परत सुरू व्हायला जवळपास दीड वर्ष लागलं.

फुग्याची एन्ट्री

इथे एअरशिपचं नाव पुढे येतं. हेलियम भरलेलं, इंजिनावर चालणारं अवाढव्य जहाज. वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे विमानापेक्षा खूप कमी, पण बोटीपेक्षा कितीतरी जास्त. धावपट्टी लागत नाही. उत्तरेतल्या बऱ्याच धावपट्ट्या खडीच्या आहेत आणि आजच्या बहुतेक जेट विमानांना त्या चालत नाहीत, म्हणून हा मुद्दा मोठा. शिवाय थंड हवा दाट असते. त्यामुळे त्याच आकाराचं जहाज कडाक्याच्या थंडीत जास्त वजन उचलू शकतं!

कल्पना काही नवी नाही. १९२६ मध्ये ‘नॉर्गे’ हे एअरशिप आमुंडसेन आणि नोबिले यांना घेऊन थेट उत्तर ध्रुवावरून गेलं होतं. १९३७ मध्ये ‘हिंडेनबर्ग’ पेटलं, ३६ माणसं गेली आणि एअरशिपचा जमाना संपला. पण त्यात ज्वलनशील हायड्रोजन होता. हेलियम पेटत नाही. मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक बॅरी प्रेंटिस गेली वीसेक वर्षं हेच सांगताहेत, की उत्तरेसाठी हे वाहन पुन्हा आणा. फ्रान्सची ‘फ्लाइंग व्हेल्स’ ही कंपनी ६० टन माल नेणारं, २०० मीटर लांबीचं जहाज आखतेय आणि क्वेबेक सरकारनं त्यात पैसे गुंतवले आहेत. ब्रिटनचं ‘एअरलँडर १०’ सुमारे १० टनांचं आहे.

माशी कुठे शिंकते?

इतकं सगळं छान आहे, तर एव्हाना आकाशात ही जहाजं दिसायला हवी होती. का दिसत नाहीत?

पहिली अडचण ऐकायला गमतीशीर आहे. एक घनमीटर हेलियम ढोबळमानानं एक किलो वजन उचलतो. म्हणजे ६० टन मालासाठीच ६० हजार घनमीटर वायू हवा, जहाजाचं स्वतःचं वजन वेगळंच. आता हा ६० टन माल तुम्ही गावात उतरवलात. जहाज अचानक हलकं झालं. ते आकाशात सुटणार! त्याला खाली धरायला तेवढंच वजन परत भरायला हवं. सहसा त्यासाठी पाणी वापरतात. उणे ४० अंशात पाणी आणणार कुठून, आणि ते गोठू कसं देणार नाही? यावर तोडगा म्हणून काही कंपन्या ‘हायब्रिड’ जहाज करतात. ते हवेपेक्षा किंचित जड असतं आणि उरलेली उचल विमानासारखी वेगातून मिळवतं. मग मात्र जागच्या जागी सरळ वर उडण्याची सोय कमी होते. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं.

दुसरी अडचण वारा आणि बर्फाची. एवढ्या मोठ्या पाठीवर बर्फ साचला तर वजन वाढतं. वादळात जहाज बांधून ठेवणंही सोपं नाही. ‘एअरलँडर’ २०१६ मध्ये उतरताना नाकावर आपटलं आणि २०१७ मध्ये बांधलेल्या खांबापासून सुटलं. तिसरी, हेलियम मर्यादित आणि महाग आहे. म्हणून हायड्रोजनला पुन्हा संधी द्या, असं म्हणणारेही आहेत.

चौथी आणि खरी अडचण पैशाची. जहाज सिद्ध झाल्याशिवाय गिऱ्हाईक ऑर्डर देत नाही आणि ऑर्डर असल्याशिवाय ते बांधायला कुणी पैसे देत नाही. जर्मनीच्या ‘कार्गोलिफ्टर’नं १६० टनांचं स्वप्न दाखवलं आणि २००२ मध्ये दिवाळं काढलं. बर्लिनजवळच्या त्यांच्या प्रचंड हँगरमध्ये आज वॉटर पार्क आहे. २०१६ मध्ये क्वेबेकमधल्या एका खाण कंपनीनं एअरशिपमधून खनिज नेण्याचा करार गाजावाजा करत जाहीर केला. पुढच्याच वर्षी ती कंपनी कर्जात बुडाली.

मग फसवाफसवी आहे का?

तसंही नाही. भौतिकशास्त्र पक्कं आहे, गरजही खरी आहे. प्रश्न आहे तो पहिलं जहाज कोणासाठी उडणार याचा. खाणींकडे पैसा आहे, म्हणून जवळजवळ प्रत्येक कंपनीचं गणित खाणीपासून सुरू होतं. पण खाण दहा-वीस वर्षांत संपते, गाव तिथेच राहतं. ३०० घरांच्या वस्तीला दर महिन्याला बटाटे पोचवण्यात नफा कमी. तिथे सरकारला उतरावं लागेल, जसं ते रस्ते बांधताना उतरतं. आपण एसटी प्रत्येक फेरीच्या नफ्यावर चालवत नाही, तसंच.

आपला ध्रुवांशी संबंध अगदीच नाही असं नाही. अंटार्क्टिकावरची आपली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रं गोव्यात, वास्कोला असलेली संस्था चालवते आणि त्यांचं जड सामान तिथल्या उन्हाळ्यात जहाजानं जातं. त्यामुळे उत्तरेत काय यशस्वी होतं, यावर आपलंही लक्ष असायला हवं.

पुढच्या वेळी एखाद्या चकचकीत व्हिडिओत बर्फावरून तरंगणारं पांढरंशुभ्र जहाज दिसलं, तर तीन प्रश्न विचारा. माल उतरवल्यावर वजनाचं काय करणार? वादळात कुठे बांधणार? आणि पहिल्या फेरीत खाणीची यंत्रं असतील, की गावातल्या पोरांसाठी दूध? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं इंजिनिअर देतील. तिसऱ्याचं उत्तर त्यांच्या हातात नाही.