नातवाच्या रेकॉर्डी

"आजोबा, वाढदिवसाला पैसे नकोत, रेकॉर्ड द्या," असा नातवाचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मला आधी वाटलं याला कसला तरी उतारा हवाय. शिरपुरात रेकॉर्ड म्हटलं की तहसील कचेरीच डोळ्यांसमोर येते. मग कळलं की त्याने साठवलेल्या पैशांतून रेकॉर्ड प्लेयर घेतलाय आणि त्याला वाजवायच्या तबकड्या हव्यात. आपल्या काळात घरोघरी असायच्या (म्हणजे ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडे), त्याच त्या काळ्या तबकड्या आता पुन्हा छापल्या जातात आणि पोरं त्या हौसेने घेतात.

"कसल्या हव्यात?"

"ब्रिटिश हेवी मेटल."

आमची ही शेजारी शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "स्टीलची भांडी मागतोय का तो?"

असो. तर या विषयावर मला थोडं बोलायचं आहे. मराठी शिकवणारा निवृत्त मास्तर हेवी मेटलवर मत देतोय म्हणून नातेवाईक हसतील, तर खुशाल हसा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे घरात कोंडले होते, तेव्हा मी कानाला इअरफोन लावून हे संगीत पुष्कळ ऐकलं आहे. का ऐकलं, ते पुढे सांगतो.

नातवाने मला इंटरनेटवरची एक यादी पाठवली. पन्नास 'सर्वश्रेष्ठ' अल्बम, एक ते पन्नास क्रमांक लावलेले. बाहेरून येणारी एकेक रेकॉर्ड तीन हजारांच्या घरात. पेन्शनीचा हिशेब करून मी चार देतो म्हणालो. "मग पहिल्या चार घ्या ना," तो म्हणाला. इथेच आमचं बिनसलं.

शाळेचं ग्रंथालय बरीच वर्षं माझ्याकडे होतं. अनुदान आलं की एजंट लोक 'जगातील श्रेष्ठ ग्रंथ' असले संच घेऊन यायचे. दिसायला देखणे, सोनेरी अक्षरांचे. आम्ही एकदा घेतला तसा संच. मी निवृत्त झालो तेव्हा त्याची पानं एकमेकांना चिकटलेलीच होती. झिजायची पुस्तकं वेगळी. 'श्यामची आई' परत करताना एखादा मुलगा विचारायचा, "सर, यांचं दुसरं कोणतं आहे?" मग त्याला 'धडपडणारी मुले' काढून द्यायचं. त्या मुलाच्या विचारण्यातून कपाट वाढत गेलं. माझं मत असं की रेकॉर्डींचंही तेच करावं. घरात जे आहे, आवडतं आहे, त्याचा धागा धरून पुढचं घ्यावं. क्रमांक लावणाऱ्याला आपल्या घरात काय आहे ते कुठे माहीत असतं?

नातवाकडे आधीच्या तीन आहेत. ब्लॅक सॅबथचा 'पॅरानॉइड' (१९७०), डीप पर्पलचा 'मशीन हेड' (१९७२) आणि आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' (१९८२). आता गंमत बघा. आपल्याकडे गाण्यात घराणी असतात. कोण कोणाकडे शिकला, कोण कोणाला सोडून गेला, हे कळलं की गाणं जास्त कळतं. इथेही तसंच आहे. डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर १९७५ साली बाहेर पडला आणि त्याने रेनबो नावाचा बँड काढला. त्यात रॉनी जेम्स डिओ गायचा. हा डिओ अमेरिकन, पण कंठ असा की शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचावा. पुढे तो रेनबोतून निघाला. तिकडे ब्लॅक सॅबथने आपल्या ऑझी ऑस्बर्नला काढून टाकलं होतं. त्याच्या जागी डिओ आला आणि १९८० साली 'हेवन अँड हेल' निघाला. म्हणजे नातवाच्या कपाटात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन तबकड्यांना जोडणारी ही तिसरी. दोन्ही बाजूंचे नातेवाईक असलेलं लग्नच जणू. तेव्हा ती पहिली ठरली. त्या यादीत तिचा क्रमांक कितवा होता ते मी पाहिलंही नाही.

दुसरीसाठी मी बर्मिंगहॅमकडे वळलो. हे संगीत जिथून निघालं तो मुलूख कारखान्यांचा, भट्ट्यांचा. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, तिथल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. त्या गिटारवाल्याची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो वाजवायचा. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या. पुढे 'मास्टर ऑफ रिॲलिटी'च्या वेळी (१९७१) गिटारची पट्टीच दीड स्वराने उतरवली, म्हणजे तारा सैल आणि बोटांना त्रास कमी. त्या उतरलेल्या पट्टीने आवाज असा जड झाला की पुढच्या कितीतरी बँडनी तोच उचलला.

हे वाचलं तेव्हा मला आमचा एक विद्यार्थी आठवला. नववीत शाळा सोडून एका जिनिंगमध्ये लागला होता, तिथे त्याची तीन बोटं गेली. कापसाच्या मुलखात अशी माणसं गावोगाव भेटतात. तो नंतर लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा. कसा वाजवायचा हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

(जाता जाता. ऑझी ऑस्बर्न गायक होण्याआधी मोटारींच्या हॉर्नचा कारखाना होता तिथे हॉर्न सुरात लावायचं काम करायचा. आग्रा रोडवर आयुष्य काढलेल्या माणसाला या कामाची किंमत मी सांगायला नको.)

तर कारखान्याच्या मुलखातली म्हणून ज्यूडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील' घ्यायचं ठरलं. हा बँडही तिकडचाच. वर्ष १९८०, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिकडे पोलाद कामगारांचा मोठा संप चालू होता. या अल्बममध्ये मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातली गावठी करामत. आज संगणकातून हवा तो आवाज काढता येतो, तेव्हा ती सोय नव्हती. म्हणून या लोकांनी लोखंडी माणसं चालल्याचा आवाज काढायला काटे-चमच्यांचा ट्रे खळखळवला आणि काच फुटल्याचा आवाज हवा होता तिथे दुधाच्या बाटल्या फोडल्या. स्नेहसंमेलनात पत्रा हलवून विजा पाडणाऱ्या मास्तराला हे लोक आपलेच वाटणार. हिला सांगितलं तर म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं ना, भांडीच आहेत."

नात्यातल्या काही मंडळींनी आक्षेप घेतले, तेही सांगतो. धाकटे साडू म्हणाले, ही सैतानाची गाणी, पोराच्या हातात कशाला देता? साडूभाऊ, 'पॅरानॉइड'मधलं पहिलंच गाणं युद्ध लावून देणाऱ्या बड्या लोकांच्या विरोधात आहे, आणि ते व्हिएतनामचं युद्ध चालू असतानाचं आहे. ब्लॅक सॅबथ हे नावसुद्धा एका भुताच्या सिनेमावरून घेतलेलं. भैरव, वेताळ, म्हसोबा यांना नारळ फोडणाऱ्यांनी कव्हरवरच्या चित्राला किती घाबरावं? पुतणीचं म्हणणं, क्वीनची रेकॉर्ड घ्या, फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकलेला, आपला माणूस. शिकलेला खराच, आणि गातोही गोड. पण क्वीनला हेवी मेटल म्हणायला मी तयार नाही. आपल्या माणसाचा अभिमान वेगळा आणि रेकॉर्ड निवडणं वेगळं. आवाजाचा आक्षेप मात्र मला मान्य. लग्नाच्या डीजेविरुद्ध अर्ज देणारा मीच, त्यामुळे हे बोलताना जरा अवघडायला होतं. त्याच कारणाने मोटरहेड मी सोडला. दोन गाण्यांनंतर माझं डोकं उठतं. नातवाने स्वतःच्या पैशांनी घ्यावा, माझी ना नाही.

तिसरी निवड सोपी होती. बी.ए.ला आम्हाला सक्तीच्या इंग्रजीत कोलरिजची म्हाताऱ्या खलाशाची ती लांबलचक कविता होती, १७९८ सालची. मी ती मराठी गाइडवरून पाठ करून पास झालो. अल्बट्रॉस म्हणजे नेमका कोणता पक्षी हे परीक्षेनंतरही मला कळलेलं नव्हतं. आयर्न मेडनच्या 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) या अल्बमच्या शेवटी त्याच कवितेवर तेरा मिनिटांहून मोठं गाणं आहे. मधे सगळं थांबतं, जहाज समुद्रात उभं राहतं, लाकडं करकरल्याचा आवाज येतो. त्या जागी मला ती कविता पन्नास वर्षांनी समजली. हा बँड १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आला होता. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन वैमानिकही आहे, त्या दौऱ्यात बँडचं विमान तो स्वतः चालवायचा. माझा मुलगा त्या कार्यक्रमाला गेला होता, आणि हे गाणंही तिथे झालं. हे मला त्याच्याकडून नाही, सूनबाईंकडून कळलं, तेही बऱ्याच वर्षांनी.

त्याने मला का सांगितलं नाही, ते आता लिहितो. चौथी रेकॉर्ड त्यासाठीच आहे.

१९९४ साली मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दिवाळीला घरी आला की खोलीचं दार लावून कॅसेट ऐकायचा. मला तो नुसता गोंगाट वाटायचा, आणि मी तसं म्हणायचो. मास्तर असल्यामुळे जरा जास्तच म्हणायचो. शेजारचे काका गल्लीतून विचारायचे, "हाई काय लायेल शे गुरुजी?" की मला अजून चेव यायचा. तो परत गेल्यावर शाळेचं संमेलन आलं. मुलींच्या गाण्याचं रेकॉर्डिंग करायचं होतं आणि ऐनवेळी कोरी कॅसेट मिळेना. मी त्याच्या खोक्यातली एक उचलली. नव्वद मिनिटांची होती. मित्राकडून भरून घेतलेली, वर त्याच्या अक्षरात 'सॅबथ ४' लिहिलेलं. पुसलं जाऊ नये म्हणून वरच्या कडेची प्लास्टिकची टिकली त्याने तोडलेली होती. मी त्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि रेकॉर्डिंग केलं. म्हणजे चुकून झालं असं मला म्हणता येत नाही.

उन्हाळ्यात तो आला, कॅसेट लावली, स्वागतगीत ऐकलं, बंद केली. काही बोलला नाही. जाताना खोकं घेऊन गेला, ती एक कॅसेट ठेवून. त्यानंतर या घरात त्याने कधी काही लावलं नाही. आता पन्नाशीला आलाय. माझ्याशी नीट बोलतो, औषधांची चौकशी करतो, पैसे पाठवतो. गाण्याचा विषय आला की उठून आत जातो.

संमेलनाची गाणी त्या बाजूच्या शेवटाआधीच संपतात. मग खट्‌ असा आवाज होतो आणि पुढची दोन-अडीच मिनिटं त्याच्या सॅबथची उरली आहेत. जड, संथ, विहिरीतून मोट ओढल्यासारखी. निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थिनींचे आवाज ऐकायला म्हणून मी ती कॅसेट लावायचो आणि उठून बंद करायचा कंटाळा म्हणून ती दोन मिनिटंही ऐकायचो. लॉकडाऊनमध्ये वाटलं, याच्या आधी काय होतं ते तरी बघावं. तिथून हे सगळं सुरू झालं.

'व्हॉल्यूम ४' १९७२ चा. नातवाच्या यादीत तो नाही. त्यात जड गाण्यांच्या मधे पियानोवरचं एक हळवं गाणं आहे, 'चेंजेस'. २००३ साली ऑझीने तेच आपल्या मुलीबरोबर पुन्हा गायलं आणि ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला. त्याने खुर्चीत बसून गायलं, आणि २२ जुलैला तो गेला. त्या रात्री मी मुलाला फोन केला. "तुमचा तो ऑझी गेला रे." तिकडून थोडा वेळ काही नाही. मग म्हणाला, "नाना, तुम्हाला कसं माहीत?" मी सांगायला हवं होतं. सिलेंडरचं बुकिंग झालं का, असं काहीतरी विचारून फोन ठेवला.

तर ऑर्डर दिली आहे. तीन नातवाच्या नावाने, चौथी मुलाच्या. नातवाला बजावलंय की ती आधी बाबांना फोडू द्यायची. संमेलनाची कॅसेटही पार्सलने पाठवतोय. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर आहे का, ते सूनबाईंना विचारून ठेवलं आहे. आहे म्हणाल्या, माळ्यावर.