पंच्याऐंशीच्या खाली नापास

आयुष्यात मला सरकारी माणसानं एकदाच पकडलं, आणि तेही एका कुत्र्याच्या सांगण्यावरून.

२०१८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघं पहिल्यांदाच लेकीकडे अमेरिकेला निघालो होतो. निघताना बांधावरच्या झाडाचे चार पाड हिनं कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवले. लेकीला त्या झाडाच्या आंब्याची भारी आवड. विमानात एक फॉर्म भरायला दिला. त्यात 'सोबत फळे आहेत का' या प्रश्नापुढे मी 'नाही'वर खूण केली. आयुष्यभर मुलांना 'नेहमी खरे बोलावे' शिकवणाऱ्या मास्तरानं चार आंब्यांसाठी खोटं लिहिलं. तिकडे उतरलो. सामानाच्या पट्ट्यापाशी उभा होतो, तर लांब कानांचं, तीन रंगांचं एक बुटकं कुत्रं अंगात जाकीट घालून आलं, माझ्या पिशवीला नाक लावलं आणि शेजारी शांतपणे बसलं. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही. नुसतं बसलं आणि आपल्या बाईंकडे पाहू लागलं. वर्गातलं हुशार पोर उत्तर आल्यावर जसं नुसतं हात वर करून बसतं, तसं.

आंबे गेले. बाईंनी समज देऊन सोडलं, दंड झाला नाही. पण मान खाली गेली ती गेलीच.

लेकीला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "बाबा, तो बीगल. माझ्या घरी दोन आहेत, चला दाखवते." तिच्याकडूनच कळलं की १९८४ पासून तिथल्या विमानतळांवर ही बीगल मंडळी कामाला आहेत. त्यांना सुरुवातीला मोजकेच वास शिकवतात. सफरचंद, लिंबूवर्गीय फळं, आंबा, गाईचं मांस आणि डुकराचं मांस. म्हणजे आमचा आंबा अभ्यासक्रमातच होता! माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात आणि अशा कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर, असं सांगतात. माझा कागद त्याच्यापुढे काय टिकणार.

लेकीच्या बीगलांची नावं लाडू आणि शेव. लाडू थोराड, खादाड. शेव सडसडीत. ही दोघं शर्यतीत उतरतात हे ऐकून मला हसू आलं. तसल्या पोटानं हा काय पळणार? पण ती नुसती पळायची शर्यत नव्हे. तिला अ‍ॅजिलिटी म्हणतात. आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही म्हणून थोडं सांगतो.

हा खेळ तसा नवा. १९७८ साली लंडनमधल्या 'क्रफ्ट्स' या मोठ्या श्वानप्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून तो पहिल्यांदा दाखवला गेला. कल्पना घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून घेतलेली. मैदानात आडव्या दांड्या लावलेल्या असतात, त्यावरून उडी मारायची. कापडी बोगद्यातून जायचं. टायरमधून उडी. उंचावरच्या अरुंद फळीवरून चालायचं. सी-सॉवर एका टोकानं चढून दुसऱ्या टोकानं उतरायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे एका रांगेत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी जायचं. क्रम ठरलेला असतो, पण तो दर वेळी निराळा. मालक बरोबर पळतो. त्यानं कुत्र्याला हात लावायचा नाही, हातात खाऊ नाही, खेळणं नाही. फक्त आवाज आणि अंगाची हालचाल. पहिल्या इयत्तेत एकूण गुण शंभर. चुकलं की गुण वजा, वेळ जास्त लागला की गुण वजा. उत्तीर्ण व्हायला पंच्याऐंशी लागतात.

पंच्याऐंशी! मी लातूर जिल्ह्यातला माणूस. 'लातूर पॅटर्न'च्या गावात पंच्याऐंशी टक्केवाल्याच्या घरी पेढे वाटायच्या ऐवजी सांत्वनाला जातात. म्हटलं, ही परीक्षा आपल्या ओळखीची दिसते.

स्पर्धा घोड्यांच्या एका बंदिस्त रिंगणात होती. कुत्री आत यायच्या आधी मालकांना काही मिनिटं मोकळ्या मैदानात फिरू देतात. ते दृश्य बघण्यासारखं असतं. बायाबापड्या, म्हातारे, शाळकरी पोरं, सगळे आपापल्या तंद्रीत, रिकाम्या हवेला हात दाखवत, पुटपुटत, गिरक्या घेत चाललेत. बरोबर कुत्रं नाहीच. मला आधी वाटलं, काही प्रार्थना वगैरे असेल. लेक म्हणाली, "बाबा, हा आमचा गृहपाठ. कुठे वळायचं, कुठल्या हातानं दाखवायचं, ते आधी मला पाठ पाहिजे. लाडूला थोडंच माहितीय!"

आधी चार-पाच बॉर्डर कॉली पळाल्या. हे मेंढ्या राखणारं कुत्रं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळाच्या खुणेवर चालत आलेलं. डोळा सतत मालकावर. हा खेळ त्यांच्यासाठीच काढला असावा असं वाटावं, इतकं सुरेख. मग लाडू आला. दोन उड्या झाल्या, बोगदा झाला, टायर झाला. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागलो. आणि काठ्यांपाशी येताच लाडूचं नाक जमिनीला लागलं. तिथल्या मातीत आदल्या दिवशीच्या घोड्यांचा वास असणार. झालं. स्वारी काठ्या सोडून, मालकीण सोडून, शेपटी झेंड्यासारखी उभी करून वासाच्या मागं निघाली. लेक बोलावतेय, हा ऐकतच नाही. लोक हसत होते, अगदी मायेनं हसत होते. पण मला मात्र राग आला. तोंडातून निघून गेलं, "ठोंब्या आहे नुसता!"

लेक घामाघूम होऊन बाहेर आली. ती लाडूचे कान चोळत म्हणाली, "नाही बाबा. मी उशिरा वळले. पुढे काय करायचं ते त्याला कळलं नाही, म्हणून त्याला जे येतं ते त्यानं केलं."

मंडळी, हे वाक्य मला तिथल्या गार हवेत चांगलंच झोंबलं.

कारण 'ठोंब्या' हा माझा जुना शब्द. आठवीच्या वर्गात खिडकीपाशी बसणारा एक मुलगा होता. माझं व्याकरण चालू असताना त्याचं लक्ष सतत बाहेरच्या लिंबाच्या झाडावर. खारीनं पिल्लं कुठे ठेवली, कोतवाल पक्षी कुणाला पिटाळतो, सगळं त्याला ठाऊक. प्रयोग विचारला की बसलीच वाचा. मी त्याला किती वेळा उभं केलं, किती वेळा फूटपट्टी वापरली याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्याच्याकडे असेल. आपण उशिरा वळलो, असं मला एकदाही वाटलं नाही. वाटायचं की पोरगंच वाया गेलेलं. आठवी नापास होऊन तो शेतीला लागला. माझ्या तेव्हाच्या रोजनिशीत त्याच्या नावापुढे 'लक्ष नाही' एवढंच लिहिलेलं आहे. लक्ष तर त्याचं इतकं होतं की विचारू नका. फक्त ते मला हवं तिथे नव्हतं.

बीगल हे सशाच्या मागावर नाकानं चालणारं कुत्रं. पुढे कुत्र्यांचा कळप आणि मागं शिकारी, अशी त्याची रीत. माणसाचा चेहरा बघत काम करणं त्याच्या रक्तातच नाही. विमानतळावर त्याला त्याच्या नाकाचं काम मिळालं, तर ते मास्तराचं खोटं उघडं पाडतं. तेच काठ्यांच्या रांगेत ठोंब्या ठरतं. मग कुणी म्हणेल, बीगलला या खेळात आणायचंच कशाला? आमच्या मेहुण्यांनी फोनवर हेच विचारलं, वर "कुत्र्याची सर्कस" म्हणून टोमणाही मारला. मी त्यांच्याशी सहमत नाही. सर्कशीत जनावराला मालकाच्या हातातली काठी दिसते. इथे काठी नाही, साखळी नाही, आणि दार उघडलं तर निघून जाण्याची मुभा आहे (लाडूनं ती घेतलीच की). त्याला आपल्याकडे यावंसं वाटेल असं काहीतरी आपल्यातच असावं लागतं. बॉर्डर कॉली घेऊन जिंकणाऱ्याचं मला कौतुक आहे, पण शिकवणं म्हणजे काय ते बीगलवाल्याला जास्त कळत असणार, असं माझं मत झालंय. हुशार पोरं तर माझ्याही हाताखालून पहिली आली होती. त्यात माझं काय होतं, देव जाणे.

त्या मुक्कामात लाडूला पंच्याऐंशी मिळाले नाहीत. शेवला एकदा मिळाले. तिला उत्तीर्ण झाल्याची फीत मिळाली, ती लेकीनं फ्रिजवर लावली. त्याच्या शेजारी लाडूचा फोटो, बिनफितीचा.

आता इकडचं सांगतो. आम्ही रेणापूरला परत आलो तेव्हा पाऊस लांबला होता आणि सोयाबीनची चिंता होती. कुत्र्यांचं कुणाला काय पडलंय! पण आपला मुलूख कुत्र्यांच्या बाबतीत दरिद्री नाही. आपल्या भागातलं कारवानी कुत्रं तुम्ही पाहिलं असेलच. लांब पाय, आत ओढलेलं पोट, चिंचोळं तोंड. तांड्यांबरोबर फिरणारं म्हणून कारवानी, असं म्हणतात. कानाशेपटीला लांब केस असले तर ते पश्मी. चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ते नावारूपाला आणलं. २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव घेतलं, त्याच भाषणात बीड पोलिसांच्या रॉकी कुत्र्याचीही आठवण काढली. त्यानंतर आमच्याकडेही ज्याच्या दारात कारवानी, त्याची मान ताठ झाली.

मान ताठ झाली हे चांगलंच. पण त्या कुत्र्याचं पुढे काय होतं? प्रदर्शनाच्या दिवशी अंघोळ, तेल, नवा पट्टा. पंच दात बघतो, छाती मोजतो, चाल बघतो. नंबर आला की पिल्लांचा भाव वाढतो. उरलेले दिवस ते जनावर खुंट्याला. नाहीतर रानात नेऊन सशावर सोडायचं, जे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि तरी चोरून चालतं. वाऱ्यासारखं पळायला जन्मलेलं कुत्रं चार हात दोरीवर! वर्गात पोरांना हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवत होतो, तसंच हे.

माझं म्हणणं एवढंच, की प्रदर्शनाच्या जोडीला आपल्या जिल्ह्यात असा एखादा खेळही हवा, ज्यात मालकाला कुत्र्याबरोबर पळावं लागेल. खर्च काही नाही. चार बांबू, एक जुना टायर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या शिवून बोगदा. कारवानी नाकानं नाही, नजरेनं शिकार करतं. तेव्हा त्याच्यासाठी दोरीला चिंधी बांधून ती ओढत न्यावी, म्हणजे सशाचा जीवही वाचेल. मी हे दोन-तीन ठिकाणी बोललो. "सर, रिटायर झाल्यावर काहीतरी नाद लागतोच," असं उत्तर मिळालं. असो.

एकानं मात्र ऐकून घेतलं. त्यानं चार कारवानी पाळल्यात, आणि बसस्टँडवर भेटला की वाकून नमस्कार करतो. तोच तो खिडकीतला. आता पन्नाशीला आलाय, केस पांढरे झालेत. रेणुकादेवीच्या देवळाकडच्या बाजूला त्याचं पडीक रान आहे. तिथे आम्ही मागच्या हिवाळ्यापासून सकाळी भेटतो. फूटपट्टीबद्दल मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. दोन-तीनदा बोलायचं ठरवून गेलो आणि टायर कितीवर टांगायचा यावरच बोलून परत आलो.

त्याच्याकडे एक भुरी मादी आहे, सव्वा वर्षाची. परवा तो म्हणाला, "सर, आज तुम्ही घ्या हिला." चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला पळवत नाही, पण भरभर चालता येतं. मनात सगळं पाठ करून ठेवलं होतं. दोन बांबू, मग डावीकडे वळण, मग टायर. तिनं दोन बांबू असे ओलांडले की पायाखालची माती हलली नाही, आणि टायरच्या बाजूनं सरळ तुरीच्या रानात निघून गेली. मी कमरेवर हात ठेवून उभा. धाप लागलेली.

त्यानं शीळ घातली. ती लांबून वळली, त्याच्याकडे आली. त्यानं तिच्या मानेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघताच, हळू आवाजात म्हणाला, "तिचं काही नाही सर. तुम्ही हात उशिरा दाखवलाव."

मी म्हटलं, "परत एकदा करू."