रणांगण झालेली घरे

लढायांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत पडून गेली आहे. प्रथम उभय पक्षांची फौज मोजावयाची, मग सेनापतींची नावे सांगावयाची, शेवटी पडलेल्यांचा आकडा देऊन जयापजयाचा निकाल लावावयाचा, की इतिहासकार मोकळा झाला! ज्या भूमीवर हे सारे घडले ती जणू बुद्धिबळाच्या पटासारखी ओसाडच होती. आमचा आक्षेप आहे तो या गृहीतावर. आपल्या मुलखातील कित्येक लढाया उघड्या माळावर नव्हे, तर लोकांच्या राहत्या घरांत झाल्या आहेत. आणि ते घर ज्याने बांधले, त्याची मात्र इतिहासाने कधी विचारपूस केली नाही.

शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे कोरेगाव घ्या. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटन हा शिरूरच्या छावणीतून आठशेंवर लोक व दोन तोफा घेऊन पुण्याकडे निघाला. दुसरे दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भीमेपलीकडे पेशव्यांचे अफाट घोडदळ दृष्टीस पडताच त्याने कोरेगावचा आश्रय घेतला. आता हा आश्रय म्हणजे काय? ठिकठिकाणी ढासळलेले मातीचे गावकूस आणि त्याच्या आतली शेतकऱ्यांची घरे! पेशव्यांच्या अरबांनीही गावात शिरून मोक्याच्या जागा बळकावल्या. दिवसभर भिंतीआडून, दारांतून व गल्लीबोळांतून झुंज चालली. नदी उशाशी असूनही आतल्या शिपायांना पाण्याचा थेंब मिळेना. रात्री नऊच्या सुमारास मारा थांबला. कंपनीचे पावणेतीनशे लोक मेले, जखमी झाले वा नाहीसे झाले. हे सारे आकडे शाळकरी मुलगाही सांगेल; परंतु त्यांपैकी घरे किती पडली, कणगी किती लुटल्या गेल्या, हे कोणी विचारले आहे काय? मोकळ्या मैदानात त्या तुकडीचा टिकाव लागणे कठीण होते. म्हणजे लढाईचे पारडे ज्या वस्तूने तोलून धरले ती मातीची भिंत होय. आणि तीच आपल्या वर्णनांत केवळ ‘आडोसा’ म्हणून उरते!

ही भिंत लढाईसाठी बांधलेली नव्हती. ज्या कुळांनी रान तोडून प्रथम वस्ती केली, पांढरी बसविली व काळी कसली, त्यांच्या वंशजांनी चोरापोरांपासून, पेंढाऱ्यांपासून, श्वापदांपासून आपली गुरे व दाणा राखण्यासाठी असली कुसे उभारली. संपन्न पाटील असला तर त्याची गढी उठे. पुण्याच्या पूर्वेकडील लोणी या गावाचे जे तपशीलवार वर्णन टॉमस कोट्स याने पेशवाई बुडाल्यावर लवकरच लिहिले, त्यातही गावाभोवतीची मातीची भिंत आहेच. संसार राखावा म्हणून जे बांधले, त्यानेच युद्धाला घरात ओढून आणावे, यासारखा दैवदुर्विलास कोणता? भिंत नसती तर स्टाँटन त्या गावाकडे वळला नसता!

कोणी म्हणेल, ‘हा एका दिवसाचा अपवाद.’ तसेही नाही. नोव्हेंबर 1751 मध्ये सलाबतजंग व फ्रेंच सरदार बुसी यांची फौज याच टापूत शिरली तेव्हा रांजणगाव लुटले गेले आणि तळेगाव ढमढेरे पार उद्ध्वस्त झाले. सैन्ये जात-येत त्या वाटेवरील गावांना ‘पायमल्ली’बद्दल वसुलात सूट देण्याची रीत मराठी अमलात होती, आपत्ती नेहमीची असल्यावाचून तिला खास शब्द लाभत नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोरेगावच्या जयस्तंभावर कंपनीच्या पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत व त्यांत महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले व तेव्हापासून त्या स्तंभाला स्वाभिमानाच्या तीर्थाचे रूप आले. ‘घरांचा प्रश्न काढून तुम्ही त्या शिपायांचे तेज झाकू पाहता,’ असा संशय कोणास येईल. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. ज्या गावकुसाचा आम्ही कैवार घेतो, त्याच्या बाहेरच महारवाडा ठेवण्याची रूढी होती. ज्यांच्या आप्तांना आपापल्या गावात कुसाच्या आत घर बांधण्याची सोय नव्हती, त्यांनी त्या दिवशी एका परक्या गावाचे कूस आतून लढविले! भिंतीचा इतिहास लिहिल्यावाचून या एका वाक्यातील दाहकता कळणार कशी? मूळ वसाहतकाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही सांगितले पाहिजे, की त्याने भिंत घातली तेव्हा कोणाला आत घेतले व कोणाला बाहेर ठेवले. घराचा इतिहास लिहावयाचा तो सबंध लिहावा. अर्धा लिहिला तर तो वतनदाराची भाटगिरी होईल.

आज गावोगावच्या पडक्या गढीला ‘किल्ला’ म्हणावे, तिच्यावर पराक्रमाची एखादी कथा चिकटवावी आणि उरलेली पांढरी माती गाड्या भरून शेतात नेऊन टाकावी, असा दुटप्पी व्यवहार चालतो. कथा वाढते आणि पुरावा नाहीसा होतो! शिरूर-दौंडकडील सुशिक्षितांना आमचे सांगणे एवढेच, की नवे स्मारक उभारण्यापूर्वी आपल्या गावठाणाचा नकाशा काढा. कूस कोठून जात होते, वेस कोठे होती, आत कोण व बाहेर कोण राहत होते, हे वृद्धांना विचारून टिपून ठेवा. पुण्याच्या पेशवे दप्तरात आपल्या गावाचे कागद शोधा. त्यासाठी मोडी शिका. सेनापतींची चरित्रे पुष्कळ झाली. ज्यांच्या ओसरीवर तोफ चढली, त्यांचा जबाब अजून नोंदवावयाचा आहे. आणि तो नोंदविल्याशिवाय जय कोणाचा झाला हे ठरविण्याचा आपणांस अधिकार नाही.