अंगठ्याचा भाव ठरला, उपचारांचे काय?

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की रविवारच्या सुट्टीची आठवण निघते, आणि ते योग्यच आहे. परंतु १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने, पाच हजारांहून अधिक सह्यांनिशी त्यांनी ज्या मागण्या कारखाना आयोगापुढे मांडल्या, त्यांत आणखी एक मागणी होती. कामावर असताना जायबंदी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, ही ती मागणी. सुट्टी १८९० साली मिळाली. दुसऱ्या मागणीचा प्रवास मात्र अद्याप संपलेला नाही.

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. काम करताना अपघात झाल्यास, चूक कोणाची याचा काथ्याकूट न करता मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व त्याने या देशात रुजवले. त्याच्या परिशिष्टात अवयवांचे कोष्टक आहे. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे मानायचे, अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. २०२० साली ठरलेली मासिक वेतनाची १५,००० रुपयांची मर्यादा धरली तर तीस वर्षांच्या कामगाराच्या अंगठ्याची भरपाई सुमारे ५ लाख ६१ हजार रुपये होते. रक्कम अपुरी वाटेल. पण हिशेब निदान स्पष्ट आहे.

तथापि या कायद्यात एक मोठी उणीव होती. तुटलेल्या बोटाची किंमत त्यात होती. बोट वाचवण्याच्या खर्चाची जबाबदारी नव्हती. मालकाने औषधपाण्यासाठी दिलेला पैसा भरपाईतून कापता येणार नाही, एवढेच तो सांगत असे. पैसा दिलाच पाहिजे असे सांगत नसे. २००९ च्या दुरुस्तीने ही उणीव दूर केली. १८ जानेवारी २०१० पासून, कामाच्या ओघात झालेल्या दुखापतीवर कामगाराने केलेला प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च भरपाईव्यतिरिक्त परत मिळण्याचा हक्क त्याला लाभला. त्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. १८८४ पासून मोजले तर एवढ्याला सव्वाशे वर्षे लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा हक्क कायम आहे.

मग अडते कोठे? अडते ते ‘परत मिळण्या’त. आधी खर्च करा, पावत्या जपा, मग मागा, असा हा क्रम आहे. कंत्राटदाराकडे रोजंदारीवर राबणाऱ्याने आधी खर्च करायचा कशातून? पॉवर प्रेसखाली सापडलेला हात घेऊन तो रुग्णालयाच्या दारात उभा राहतो, तेव्हा पहिला प्रश्न अनामत रकमेचा असतो. इथे काळ कोणासाठी थांबत नाही. मनगटापासून तुटलेला हात जोडायचा तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया काही तासांतच व्हावी लागते. तेवढ्यात पैसा उभा राहिला नाही, तर कमी खर्चाचा पर्याय एकच उरतो, तो म्हणजे जखम बंद करून हात कायमचा गमावणे. कायदा नंतर भरपाई देईल, पण ती गमावलेल्या हाताची असेल. जो हात वाचू शकला असता तो केवळ रोकड नव्हती म्हणून गेला, याची नोंद कोणत्याच कोष्टकात होत नाही.

रुग्णालयातच दुसरे नाट्यही घडते. ‘घरी पडलो’ असे सांग, खर्चाचे आम्ही पाहतो, अशी समजूत घातली जाते. पहिल्या केसपेपरवर तशी नोंद झाली की पुढे कामगाराचीच बाजू लंगडी पडते. कधी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. एका हाताचा अंगठा यंत्रात गेलेला असतो आणि दुसऱ्या हाताचा शाईत बुडवला जातो! भरपाईचा हक्क सोडून देणारा असा कोणताही करार कायद्याने रद्दबातल आहे. पण हे त्याला सांगणार कोण? २०१७ पासून कामगाराला नेमणुकीच्या वेळीच त्याचे हक्क कळवणे मालकावर बंधनकारक आहे आणि कसूर केल्यास किमान ५० हजार रुपयांचा दंड तेव्हाच्या दुरुस्तीने ठेवला होता. किती कारखान्यांत हे घडते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

‘त्याचाच निष्काळजीपणा’ हा ठेवणीतला बचावही तपासून पाहावा. कायद्याला केवळ हलगर्जी मान्य नाही. नशा, सुरक्षेच्या स्पष्ट आदेशाचा हेतुपुरस्सर भंग किंवा यंत्राचे संरक्षक आवरण जाणूनबुजून काढणे, एवढीच कारणे चालतात. आणि मृत्यू वा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाहीत. माणूस कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालकाची सुटका होत नाही. डाव्या हाताला कोपराच्या वर मुकलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच स्पष्ट केले की एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून हे अपंगत्व संपूर्ण मानावे; आणि भरपाईचे देणे निकालाच्या नव्हे, अपघाताच्या दिवसापासून लागू होते.

राज्य कर्मचारी विमा योजनेत हा पेच बराच सैल होतो. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेतील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराला तिचे छत्र आहे. कामावरील दुखापतीसाठी कामावर लागल्या दिवसापासून हक्क मिळतो, शस्त्रक्रियेचा भार महामंडळावर असतो आणि काम बंद असताना वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगार वाऱ्यावर पडत नाही. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. खरा प्रश्न आहे तो या छत्राबाहेरच्यांचा, म्हणजे चार-सहा माणसांच्या शेडमधल्यांचा आणि मर्यादेपेक्षा थोडे अधिक कमावणाऱ्या कुशल कारागिरांचा.

लहान उद्योजक म्हणेल, एका शस्त्रक्रियेत माझे दुकान बसेल. त्याची भीती खोटी नाही. पण जोखमीवर तोडगा विम्याचा आहे, टाळाटाळीचा नाही. नुकसानभरपाईचा विमा घेताना वैद्यकीय खर्चाचे कलम त्यात आहे की नाही आणि त्याची मर्यादा किती, हे त्याने आधी वाचावे. कारण विम्याची मर्यादा संपली तरी मालकाची संपत नाही.

शासनाने दोन गोष्टी कराव्यात. अपघाताच्या वेळी अनामत न मागता उपचार सुरू व्हावेत आणि त्यांचे देयक रुग्णालयाने थेट मालकाकडे वा विमा कंपनीकडे पाठवावे, अशी तरतूद नियमांत हवी. वाद असेल तर तो मागाहून त्या दोघांत चालावा. रुग्णाच्या खाटेपाशी नको. कामगार संघटनांनी प्रत्येक वसाहतीत चार गोष्टी पोहोचवाव्यात. पहिल्या नोंदीतच ‘कामावर अपघात’ असे लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. शस्त्रक्रियेची, सळई-पट्टीची, पुढे ती काढण्याचीही पावती जपावी. आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा.

खंडेनवमीला आपण यंत्राला झेंडूची माळ घालतो, त्याची पूजा करतो. वर्षभर त्याला तेलपाणी देतो, बिघडले तर उत्पादन थांबू नये म्हणून त्याच रात्री कारागीर बोलावतो आणि तेव्हा पैशांचा प्रश्न उद्या सोडवतो. त्या यंत्रावर चालणाऱ्या हातासाठीही तीच रात्र आणि तेवढीच घाई असली पाहिजे.