अननसाचा फंडा

परवा आमच्या ऑफिसात एका अननसाने माझी विकेट काढली. अननस म्हणजे अननसच. कुठल्या सहकाऱ्याचं ते टोपणनाव नाही.

मी जाहिरातीच्या धंद्यात आहे. लिहिणं हे काम. शुक्रवारी संध्याकाळी एका बिल्डरचं ब्रोशर प्रेसला जायचं होतं. कव्हरवर नॉटिलस नावाच्या समुद्री जिवाचा मधोमध कापलेला शंख, त्यावर गोल गोल वळत जाणारी सोनेरी रेषा आणि खाली आमची ओळ : ‘निसर्गाचं सुवर्ण गुणोत्तर, आता तुमच्या घरात.’ आतल्या पानावर ग्रीसचं पार्थेनॉन, मोनालिसा आणि एक सूर्यफूल. १.६१८ हा आकडा मी पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसा पानापानावर भुरभुरवला होता.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये सगळे ‘सॉलिड, सॉलिड’ म्हणत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आमची ट्रेनी म्हणाली, ‘सर, ही रेषा शंखावर बसत नाहीये.’

मी म्हटलं, ‘अगं, ही जाहिरात आहे. भूमितीचा पेपर नाही.’

सगळे हसले. तीही हसली. ते हसणं कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत आपण सगळेच तसं हसलोय.

रात्री घरी प्रूफ उघडलं. झोप येईना म्हणून पट्टी घेतली आणि कव्हरवरचा शंख मोजला. सोनेरी रेषेचा नियम साधा आहे. एक पूर्ण वेढा घेईपर्यंत ती मध्यापासून जवळजवळ सातपट लांब जाते. माझा शंख मात्र एका वेढ्यात जेमतेम तिप्पट होत होता. मग वाचायला बसलो, तर कळलं की नॉटिलसचे शंख साधारण तसेच असतात. वळण सुंदरच आहे. प्राणी वाढतो, शंख मोठा होतो, पण आकार तोच राहतो. फक्त त्याचा १.६१८ शी संबंध नाही. आमच्या आर्टिस्टने रेषा ताणून, फिरवून, थोडी जाड करून ‘बसवली’ होती. माझ्याच सांगण्यावरून.

मग पुढचे पत्ते कोसळायला लागले. पार्थेनॉन बांधणाऱ्यांनी हे गुणोत्तर वापरल्याचा पुरावा नाही. ‘सगळ्या सौंदर्यामागे हेच गुणोत्तर’ या कल्पनेचा गाजावाजा झाला तो एकोणिसाव्या शतकात. मोनालिसाचंही तेच. लिओनार्दोने लुका पाचोलीच्या १५०९ साली छापलेल्या गुणोत्तरावरच्या पुस्तकासाठी आकृत्या काढल्या हे खरं, पण तेवढ्यावरून मोनालिसाच्या चेहऱ्यावर चौकटी आखायचं काम लोकांनी नंतर केलं. ज्यांनी ठरवून वापरलं, ते कलावंत आपल्या बरेच जवळचे आहेत : १९५५ साली ‘लास्ट सपर’चा प्रसंग रंगवणारा साल्वादोर दाली, किंवा चंडीगड उभारणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए. त्याने तर माणसाच्या उंचीवरून मापांची एक पट्टीच तयार केली होती.

शुक्रवारी सकाळी तिच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, ‘बाई, बरोबर होतीस. मग हे सगळं बोगसच का?’

तिने पिशवीतून अननस काढला. ‘सगळं नाही, सर. मोजा.’

अननसाच्या सालीवरचे डोळे तिरक्या ओळींत बसलेले असतात. तिने एक ओळ लाल मार्करने रंगवली, तिच्या शेजारची निळ्याने, असं करत पूर्ण फेरी मारली. एका बाजूला वळणाऱ्या ओळी भरल्या आठ. उलट्या बाजूला वळणाऱ्या तेरा. आणि जवळजवळ उभ्या चढणाऱ्या एकवीस. एव्हाना अर्धं ऑफिस जमलं होतं. अकाउंट्सवाल्यांनी पुन्हा मोजून बघितलं, कारण त्यांचा दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास नसतो. आठ, तेरा, एकवीस.

हे आकडे ओळखीचे आहेत. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. जग यांना फिबोनाचीचे आकडे म्हणतं, कारण त्या इटालियन माणसाने १२०२ सालच्या पुस्तकात सशांच्या जोड्यांचं कोडं घातलं. पण आपल्याकडे ते त्याआधीच सापडले होते, तेही कवितेत. शाळेत लघु-गुरू पाडलेले आठवतात? लघु एक मात्रा, गुरू दोन. आता चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? चार लघु ही एक तऱ्हा. एक गुरू आणि दोन लघु यांच्या तीन. दोन गुरू ही एक. एकूण पाच. पाच मात्रांच्या आठ, सहा मात्रांच्या तेरा. कारण ओळीच्या शेवटी एकतर लघु असणार नाहीतर गुरू. लघु असेल तर आधी एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन. म्हणून मागच्या दोन आकड्यांची बेरीज. विरहांकाने हे फार पूर्वी मांडलं आणि बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या काही दशकं आधी, जैन आचार्य हेमचंद्राने पुन्हा सांगितलं. मराठीच्या पेपरात दोन मार्कांसाठी आपण जे चिन्हं टाकत बसायचो, त्यात हा खजिना दडला होता, बॉस!

पण अननसाला कविता कुठे येते? तिथला फंडा जागेचा आहे. कोंबाच्या टोकाशी नवा डोळा फुटतो तो मोकळी जागा बघून, आधीच्यापासून साधारण १३७.५ अंश फिरून. समजा तो दर वेळी ९० अंश फिरला असता, तर चार सरळ रांगा झाल्या असत्या आणि मधली जागा फुकट गेली असती. १३७.५ अंशांचा कोन सुवर्ण गुणोत्तरातून येतो आणि त्याने अशा रांगा जुळतच नाहीत. प्रत्येकाला ऐसपैस जागा मिळते. मुंबईच्या लोकलमध्ये ही सोय नाही. फ्रान्समध्ये दुआदी आणि कुदेर या दोघांनी १९९२ साली तेलाच्या थाळीत चुंबकीय द्रवाचे थेंब सोडले. थेंब एकमेकांना ढकलत बाहेर सरकले आणि आपोआप याच कोनात बसले. थेंबांना ना बी, ना जीव. नुसती ढकलाढकली.

आणि हो, निसर्गही दरवेळी पैकीच्या पैकी मिळवत नाही. इंग्लंडमध्ये लोकांनी घरोघरी सूर्यफुलं लावून त्यातल्या ओळी मोजल्या. ६५७ फुलांचा हिशेब २०१६ साली छापून आला. बहुतेकांत हेच आकडे निघाले, पण सगळ्यांत नाही. मोहरीच्या फुलाला तर चारच पाकळ्या. मला हे वाचून उलट बरं वाटलं. जिथे चुकायची सोय आहे, तिथे बरोबर येण्याला किंमत आहे. माझी सोनेरी रेषा कधी चुकलीच नसती, कारण ती मी कशावरही बसवली असती.

दुपारी बिल्डरला फोन केला. म्हटलं, शंख काढतोय. तो म्हणाला, ‘मग आमच्या बिल्डिंगमध्ये गणित काय राहिलं?’ मी म्हटलं, ‘कार्पेट एरिया.’ पाच सेकंद शांतता. मग तो हसला आणि बॉस मात्र माझ्यावर दोन दिवस हसला नाही. कव्हरवर शेवटी बिल्डिंगचाच फोटो गेला.

एक काम राहिलं होतं. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर हसलो होतो, म्हणून सॉरीही सगळ्यांसमोरच म्हटलं. ती म्हणाली, ‘इट्स ओके, सर. अननस कापू का?’

कापला. मीठ-तिखट लावून खाल्ला. या वीकेंडला मंडईत गेलात तर तुम्हीही एक आणा आणि कापायच्या आधी मोजा. आठ, तेरा आले तर छानच. नाही आले, तर मार्करला दोष देऊ नका. पुन्हा मोजा.