शहरातले हॉटेल आणि आपले ताट



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. हंगाम आला की तोडीचा कार्यक्रम, हंगाम संपला की खोडव्याची निगा, हे ठरलेले. यावेळी मात्र विषय जेवणाचा आहे. ऊस विकास खात्याचा आणि जेवणाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो पुढे येईलच.

उसाचे बिल जमा झाले की चार दिवस शहराकडे जायची रीत आता आपल्याकडे पडली आहे. कोणी अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जातो, कोणी पोरांना घेऊन पुणे-मुंबई दाखवून आणतो. गेले की हॉटेलात जेवण आलेच. जुनी माणसे यावर नाके मुरडतात. "बिल आलं आन् हॉटेलात गेलं," असे म्हणतात. आम्ही त्या मताचे नाही. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला रानात जाणाऱ्या माणसाने दोन दिवस मजेत खाल्ले तर बिघडले कुठे? जरूर खावे. फक्त ज्या गावाची जी चव, ती खावी. कोल्हापुरात जाऊन पनीर आणि नूडल्स मागवायचे, तर मग आपल्या तालुक्याच्या स्टँडसमोर काय वाईट होते? सकाळी मिसळ खावी, तीही तिथल्या रीतीने, ब्रेडच्या स्लाइसबरोबर आणि वरून कट मागून घेऊन. दुपारी मटणाच्या ताटाबरोबर तांबडा आणि पांढरा रस्सा येतो, तो वाट्यांचा हिशेब न ठेवता प्यावा. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देतात. आपण स्वतः म्हशीवाले, पण तिथे उभे राहून पेलाभर दूध प्यायची गंमत वेगळीच!

मागच्या दिवाळीनंतर आम्हीही घरच्यांना घेऊन असेच कोल्हापूरला गेलो होतो. ताटे आली, वाढपी मागे उभा राहून गरम भाकरी वाढत होता. आम्ही रश्श्याची तारीफ करीत होतो. जेवण झाल्यावर सौभाग्यवतींना सहज विचारले, "काय आवडलं?" त्या म्हणाल्या, "रस्सा असा मीबी करते. पण गरम भाकरी बसून खाल्ली बघा आज."

बंधूंनो, आम्ही गप्प झालो. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली. घरात आधी आम्ही बसतो, मग पोरे, मग आलागेला. त्या तव्यापाशी. शेवटी त्या बसतात तेव्हा भाकरी वातड झालेली आणि कालवणाचा तळ राहिलेला. आम्ही समजत होतो, हॉटेलची चव मसाल्यात आहे. त्यांच्या लेखी ती चव गरम वाढणाऱ्या माणसात होती.

शहरात या कष्टाला किंमत आली, तीही सुखासुखी नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या घाटावरची आणि कोकणातली माणसे कामाला होती, तेव्हा त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकाच चालवीत. उधारीवर किराणा आणायचा, पाहुण्यासारखी वीस-वीस माणसे जेवू घालायची आणि सावकाराचे व्याज भरायचे, असा तो धंदा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. आपण सहकारातली माणसे, एकीचे बळ आपल्याला सांगायला नको. उसाच्या दरासाठी आपण सभेत उठून बोलतो, वेळ पडली तर रस्त्यावर बसतो. चुलीपुढच्या कष्टाला आपल्या घरात कोणता दर आहे, हा प्रश्न मात्र कुठल्याच सभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

आता दुसरी गोष्ट. हमरस्त्यावर हल्ली जागोजागी पाट्या दिसतात: 'चुलीवरचे जेवण', 'गावरान चव'. आपल्या गटातल्या एका जुन्या सभासदांबरोबर आम्ही अशा एका ठिकाणी जेवलो. झुणका, भाकरी, खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी. जेवण खरोखर चांगले होते, चौघांचे बिल नऊशे रुपये झाले. ते सभासद हात पुसत हसून म्हणाले, "सायेब, ह्यो हरभरा माझ्याच रानात हुता की. तुमीच काडाय लावला."

ते खरे आहे. आम्ही नोकरीला लागलो त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्यांच्या पूर्वहंगामी उसात हरभरा होता. सरी स्वच्छ ठेवा, तणनाशक मारा, टनेज वाढवा, असे आम्हीच त्यांच्या बांधावर उभे राहून सांगितले होते. आंतरपीक पुस्तकात होते, आम्ही पदविकेला शिकलोही होतो. पण तोंडात एकच शब्द, टनेज. त्यांनी ऐकले, टनेजही आले. आणि आज बागायतदाराच्या घरात बेसन दुकानचे, शेंगदाणे दुकानचे, कोथिंबिरीची जुडीसुद्धा बाजारची. साखर तेवढी कारखान्याची सवलतीची! या दोषात आमचा वाटा आहे, तो आम्ही मान्य करतो.

म्हणून ऊस मोडा, असे आम्ही सांगणार नाही. पैशाच्या हिशेबात आपल्या पाण्याखालच्या रानात ज्वारी उसापुढे टिकत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते. ज्वारी विकतच घ्यायची तर मंगळवेढ्याकडची मालदांडी सुगीत थेट शेतकऱ्याकडून वर्षाची भरून घ्यावी. त्या दुष्काळी भागातल्या भावाला दोन पैसे मिळतील आणि आपल्याला भाकरी चांगली मिळेल. पण ऊस न मोडता जे होते, ते तरी करावे.

पूर्वहंगामी लावण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. पट्टा पद्धतीत किंवा रुंद सरीत हरभरा, कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर सहज येते आणि मोठ्या बांधणीच्या आत निघून जाते. सुरू उसात गवार, भेंडी, काकडी घ्यावी. उसाची उंची वाढून सावली पडायच्या आत रान मोकळे झाले म्हणजे उसाचे नुकसान नाही. मका किंवा ज्वारी मात्र उसात नको, ती उसाशी झगडते. आणि एक ध्यानात ठेवा. ज्या सऱ्यांत भाजी-हरभरा घ्यायचा, तिथे ॲट्राझीन किंवा टू-फोर-डी मारायचे नाही. ती चार सऱ्यांची जागा खुरप्यावर ठेवावी.

दुसरे, खोडवा मोडल्यावर त्याच रानात घाईने पुन्हा ऊस लावू नये. १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारीच्या दरम्यान उन्हाळी भुईमूग पेरावा. पावसाळ्याच्या तोंडाला शेंगा निघतात, वेल जनावरांना होतो, आणि जुलैत आडसाली लावणीला उत्तम बेवड मिळते. सगळे रान नको असेल तर दहा गुंठे करा. घरची चटणी, घाण्यावरचे तेल आणि श्रावणातला शेंगदाण्याचा लाडू त्यातून निघतो. हा सल्ला आम्ही वीस वर्षांपूर्वी जोरात द्यायला हवा होता.

पण एवढ्याने भागणार नाही. हरभरा घरचा आला आणि तो निवडणे, दळणे, रांधणे हे सगळे पुन्हा एकटीच्या अंगावर पडले, तर ती मनातल्या मनात म्हणेल, दुकानचे बेसन बरे होते! ताजे धान्य रानातून येते, पण ताटातली गोडी आपल्या वागण्यातून येते. आमच्या घरी सध्या एवढेच चालू केले आहे: रविवारी रात्री सगळे एकदम बसतात, आणि तव्यापाशी आम्ही. आमच्या भाकरीला अजून गोल आकार येत नाही, पोरे तिला महाराष्ट्राचा नकाशा म्हणतात. पण गरम असते आणि सौभाग्यवतींच्या ताटात पहिली पडते.

तेव्हा पुढचे बिल आले की खुशाल शहराला जा. मिसळ खा, रस्सा प्या, पोरांना आइस्क्रीम घ्या, आणि वाढपी कसा वाढतो तेही जरा बघून या. परत आल्यावर गट ऑफिसला चक्कर टाका. कोणत्या सरीत काय घ्यायचे, ते आम्ही आणि आमचे चिटबॉय रानात येऊन सांगू. भाकरी थापायचे मात्र घरीच शिकून घ्यावे लागेल. त्यात आम्हीच अजून शिकाऊ आहोत.

— ऊस विकास अधिकारी