बरोबरी म्हणजे बेचव नव्हे

बुद्धिबळातला डाव बरोबरीत सुटला की 'काहीच घडलं नाही' असं म्हणून आपण बातमी उलटतो. 2018 साली लंडनमध्ये मॅग्नस कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचे बाराही डाव बरोबरीत सुटले, तेव्हा हीच तक्रार जगभर झाली. पण पहिलाच डाव पाहा. काळी मोहरी घेऊनही कार्लसनने पकड मिळवली. कारुआनाच्या घड्याळात जेमतेम वेळ उरला होता, तरी कार्लसनच्या हातून विजय निसटला. पुढे हत्तींच्या अंतिम पर्वात एक प्यादे जास्त असूनही त्याला बचाव फोडता आला नाही. 115 चाली, सुमारे सात तास! दोघांपैकी कोणी आळस केला म्हणून नव्हे, तर एकाने रेटलं आणि दुसऱ्याने तोलून धरलं म्हणून गुण वाटले गेले.

आक्षेप असा की काही बरोबऱ्या निव्वळ तडजोडी असतात. खरं आहे. त्या लढतीत तिसाव्या चालीआधी बरोबरीचा प्रस्ताव देण्यास बंदी होती, ती त्यासाठीच. तरी बाराव्या डावात कार्लसनने वरचढ स्थितीत एकतिसाव्या चालीला हात पुढे केला आणि माजी जगज्जेते कास्पारोव्ह यांच्यासह अनेकांनी त्याच्या धैर्यावर शंका घेतली. माझ्या मते तो भित्रेपणा नव्हता, हिशेब होता: लढत बरोबरीत राहिली तर निर्णय जलद डावांत होणार होता, आणि त्यांत आपण सरस आहोत, हे त्याला ठाऊक होतं. दोनच दिवसांनी ते डाव त्याने 3-0 असे जिंकले.